एक, तीन, चार, दोन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. तिसरे पुष्प गुंफण्याविषयी चिटणिसांनी आमच्याकडे विचारणा केली, तेव्हा आम्ही प्रांजळपणे सांगितले की, आम्ही इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेले आणि तीस वर्षे केंद्र शासनाच्या फायलींवर टिपणे लिहीत आलेले गृहस्थ. आमच्यापाशी विद्वत्ता नाही. त्यावर ते म्हणाले, "दर रविवारी सकाळी आपण त्या जुन्या गाडीच्या तोंडात डोके घालून काय करता, तेवढेच सांगा. सगळ्या मोहल्ल्याला ते कुतूहल आहे." तेव्हा जुन्या मोटारीचे इंजिन घरच्या घरी दुरुस्त करणे, हा आजचा विषय. विषय काळा आणि तेलकट आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

आमची गाडी आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाची आहे. मंडळाचा गणपती तिने अनेक वर्षे ग्वारीघाटावर पोहोचविला आहे. ती १९८१ सालची प्रीमियर पद्मिनी. आमचे वडील येथील एका कारखान्यात फोरमन होते. त्यांनी ती १९८६ साली बदलीवर निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून विकत घेतली. या गाडीचे आणि आपले एक नातेही आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' ही गाडी निघू लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव 'पद्मिनी' झाले, तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आमची मात्र अद्याप सेवेत आहे. दर पाच वर्षांनी तपासणी करून घेऊन आम्ही तिची मुदत वाढवून घेतो.

बाबांचा स्वभाव असा की, जी वस्तू आपण वापरतो ती आपल्याला उघडता आली पाहिजे. बाजारातून येताना त्यांनी एक लांबट वही आणली आणि तिच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून त्याखाली चार आकडे मांडले : १, ३, ४, २. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो. हा कुलुपाचा क्रमांक असावा, अशी आमची समजूत झाली.

त्या चार आकड्यांचा अर्थ थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सर्व त्यावरच उभे आहे. या इंजिनात चार नळकांडी एका ओळीत असतात. चारही मिळून त्यांची धारणशक्ती १०८९ घनसेंटीमीटर, म्हणजे एकेका नळकांड्यात पाव लिटरहून थोडी अधिक हवा मावते. प्रत्येक नळकांड्यातील दट्ट्या चार कामे पाळीपाळीने करतो : हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ठिणगीने ते पेटल्यावर जोराने खाली ढकलले जाणे आणि जळका धूर बाहेर लोटणे. चारही नळकांडी एकदम पेटली तर इंजिन धक्के खाईल, म्हणून त्यांना पाळी लावून दिलेली असते. आधी पहिले, मग तिसरे, मग चौथे, शेवटी दुसरे. दंडाच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास एक ठिणगी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात आणि त्यांतील एकही आपली पाळी चुकवीत नाही. आमच्या कार्यालयात इतक्या शिस्तीने फाईल फिरलेली आम्ही पाहिलेली नाही.

बंद पडलेल्या इंजिनासमोर उभे राहिल्यावर नवशिका मनुष्य एकाच वेळी सर्व काही खोलू लागतो. आम्हीही तेच करीत असू. बाबा हात धरून म्हणत, "अरे, आधी विचार. हिला काय मिळत नाही?" इंजिनाला तीन गोष्टी लागतात : ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल-हवा आणि नळकांड्यातील दाब. दाब एका रात्रीत जात नाही. काल चालणारी गाडी आज बंद असेल, तर पहिल्या दोहोंपैकी एकीचाच अभाव असतो. म्हणून प्रथम प्लगची एक तार काढावी, तिचे टोक रबरी मुठीच्या पकडीने इंजिनाच्या धातूपासून किंचित दूर धरावे आणि दुसऱ्यास स्टार्टर मारावयास सांगावे. आसपास पेट्रोल सांडलेले नाही, हे मात्र आधी पाहावे. निळसर, कडक ठिणगी उडाली तर वीजपुरवठ्याचे खाते निर्दोष. मग पेट्रोलकडे वळावे. पंपापासून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून पेट्रोल बाटलीत येते का ते पाहावे. येत असेल तर कार्ब्युरेटरमधील जेटच्या सूक्ष्म छिद्रात कचरा अडकला आहे, असे समजावे. जेट काढून फुंकावा. त्यात तार कधीही खुपसू नये, कारण छिद्र केसभर मोठे झाले की गाडी जन्मभर पेट्रोल अधिक पिते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदल करून लगेच पाहावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कोणत्या उपायाने ती सुरू झाली हे कधीच कळत नाही. अशी सुरू झालेली गाडी पुन्हा बंद पडतेच.

आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती आजवर घराबाहेर फारशी बोललेलो नाही. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ती या मंडळापुढे सांगणे हे एका परीने आमचे कर्तव्यच आहे.

१९९८ सालचा डिसेंबर होता. दोन बदल्या संपवून आम्ही नुकतेच घरी परतलो होतो आणि गाडीची देखभाल आता आपल्याला येते, असा आमचा दृढ समज झाला होता. एका रविवारी दुपारी आम्ही डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट साफ केले. हे पॉइंट म्हणजे दोन लहानशा धातूच्या टिकल्या; एक स्थिर, दुसरी हलणारी. गंमत अशी की, ठिणगी विजेचा प्रवाह सुरू झाल्याने पडत नाही. तो तुटल्याने पडते. टिकल्या एकमेकींपासून दूर झाल्या की कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. टिकल्यांमधील हे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ते फीलर गेजच्या पातळ पात्याने मोजावे लागते आणि मोजून झाल्यावर स्थिर टिकलीचा स्क्रू घट्ट आवळावा लागतो.

आम्ही अंतर बरोबर लावले. स्क्रू हाताला लागेल इतका फिरवला आणि तेवढ्यात पाहुणे आले. झाकण बसवले, गाडी सुरू करून पाहिली, ती उत्तम चालली. चिंध्या गोळा केल्या आणि हात धुतले. स्क्रू पूर्ण आवळला होता की नाही, हे पुन्हा पाहण्याचे सुचले नाही. संध्याकाळी पाहुण्यांना स्टेशनवर सोडूनही आलो.

त्या रात्री दोनच्या सुमारास बाबांच्या छातीत कळ आली. घाम सुटला, डावा हात जड झाला. आम्ही त्यांना शालीत गुंडाळून गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन मात्र पेटले नाही. संध्याकाळच्या धक्क्यांनी तो सैल स्क्रू सरकून टिकल्या एकमेकींना चिकटल्या होत्या. प्रवाह तुटत नव्हता, म्हणून ठिणगी पडत नव्हती. हे सर्व ज्ञान दुसऱ्या दिवशीचे. त्या घटकेला आम्हांला काहीही सुचले नाही. आम्ही वेड्यासारखी किल्ली फिरवीत राहिलो. बॅटरीही उतरू लागली. तो आवाज ऐकून शेजारचे गृहस्थ, जे त्या काळी आपल्या मंडळाचे खजिनदार होते, गळ्यात मफलर गुंडाळून बाहेर आले. त्यांनी एक शब्द न विचारता आपली गाडी काढली आणि बाबांना इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाने आला असता तर सांगता येत नव्हते.

तिसऱ्या दिवशी बाबा बोलू लागले. आम्ही त्यांच्या उशाशी बसलो होतो. त्यांनी डोळे न उघडता विचारले, "पॉइंटचा स्क्रू आवळल्यावर गॅप परत मोजली होतीस?"

आम्ही म्हणालो, "नाही."

"वहीत लिही," एवढेच ते म्हणाले. रागावले नाहीत. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

वहीच्या त्या पानावर आमच्या अक्षरात तारखेसह लिहिलेले आहे : 'पॉइंटचा स्क्रू सैल ठेवला. चूक माझी.' शासकीय सेवेत आम्ही शेकडो खुलासे लिहिले आणि वाचले. त्यांत 'अनवधानाने राहून गेले', 'कार्यबाहुल्यामुळे लक्षात आले नाही' अशी वाक्ये असतात. 'चूक माझी' असे दोन शब्दांचे वाक्य आम्ही कोणत्याही फाईलमध्ये वाचले नाही, स्वतःही लिहिले नव्हते. यंत्राला खुलासा चालत नाही. स्क्रू सैल आहे की घट्ट आहे, एवढेच त्याला कळते. त्या रात्रीनंतर आमची एक पद्धत ठरून गेली आहे. काम झाल्यावर झाकण लावण्यापूर्वी हात पुसावेत, दहा मिनिटे दूर जाऊन बसावे आणि परत येऊन प्रत्येक नट-स्क्रूला पुन्हा एकदा पाना लावावा. पाहुणे आले असतील तर त्यांनाही बसवावे. आणि गाडी बंद पडली की पहिला प्रश्न हा विचारावा की, आपण शेवटचा हात कशाला लावला होता? दहांपैकी सात वेळा उत्तर तेथेच सापडते.

बाबा त्यानंतर अकरा वर्षे जगले आणि त्यांतील पुष्कळशा रविवारी अंगणात खुर्ची टाकून त्यांनी आमच्याकडून कामे करवून घेतली.

आपल्या या भागातील उन्हाळा आपण जाणताच. मे महिन्यात भर दुपारी गाडी थांबवली आणि दहा मिनिटांनी सुरू करू गेले तर ती रुसते. इंजिनाच्या अंगाला लागून असलेला पेट्रोलचा पंप इतका तापतो की, नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. यावर जुना उपाय म्हणजे ओले फडके पंपावर ठेवून पाच-दहा मिनिटे सावलीत बसणे. हा उपाय हास्यास्पद वाटतो, पण तो शास्त्रशुद्ध आहे. वाफ थंड होऊन तिचे पुन्हा पेट्रोल होते. आमच्या गाडीत पाण्याची बाटली आणि धोतराचा तुकडा आजही असतो.

परंतु २००२ सालच्या मे महिन्यात फडके पुरले नाही. नागपूरला लग्नास जात असताना सिवनीच्या पुढे कुरईच्या घाटात उष्णतेचा काटा लाल खुणेपलीकडे गेला. आम्ही गाडी थांबवली, पण उशिरा. तासाभराने तेलाची दांडी ओढून पाहिली, तर तेल चहासारखे दुधट झालेले. म्हणजे पाणी तेलात शिरले होते. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचे हेड यांच्यामधील गॅस्केट फाटले होते. लग्नाला आम्ही बसने गेलो आणि गाडी ट्रकवरून परत आली.

हेड उतरवण्याचे काम गॅरेजकडे द्यावे, असे आमचे म्हणणे. बाबा म्हणाले, "नट किती आहेत ते मोज. मोजता आले तर उघडताही येईल." आठ संध्याकाळी आणि एक रविवार लागला. या इंजिनाचा खालचा भाग बिडाचा, हेड मात्र ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडापेक्षा जास्त फुगते; म्हणून इंजिन अति तापले की हेड वाकते आणि गॅस्केट दगा देते. जुन्या गॅस्केटचे तुकडे आम्ही छिन्नीने खरवडू लागलो, तेव्हा बाबांनी काठी आपटून थांबवले. ॲल्युमिनियम मऊ असते. लोखंडी धारेचा एक ओरखडा पडला की तेथून पाणी झिरपते. त्यांनी बांबूची चपटी कामटी तासून दिली. मग हेडवर पोलादी पट्टी आडवी धरून खालून फीलर गेजचे पाते सरकवले, तर मध्यभागी ते सहज शिरले. हेड वाकले होते. येथे आमची हद्द संपली. ते काम लेथवाल्याचे. त्याच्याकडून हेड प्लेन करून आणले.

बसवताना नट कडेपासून आवळायचे नसतात. मध्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, आळीपाळीने डावी-उजवीकडे जावे लागते आणि तेही तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचवरचा आकडा पाहून. कडेचे आधी आवळले तर मध्ये फुगवटा राहतो. घरात सतरंजी घालताना आपण मधून कडेकडे हात फिरवतो, त्यातलाच हा प्रकार. नवे तेल, नवे पाणी घातले. किल्ली फिरवली तेव्हा इंजिन दोनदा खोकले आणि लागले. बाबा खुर्चीतून उठले, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि आत जाऊन झोपले.

पण त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "ती तापली का?" गॅस्केट फाटणे हा परिणाम होता, कारण शोधलेच नव्हते. रेडिएटर उतरवून उलटा धुतला, तेव्हा पांढऱ्या क्षारांचा लगदा बाहेर आला. बोअरचे जड पाणी दोन वर्षे आम्हीच त्यात ओतत होतो. वहीत त्याआधीच्या वर्षी बाबांनी लिहून ठेवले होते : 'रेडिएटर साफ करणे', आणि पुढे खूण नव्हती. आम्ही पुन्हा एकदा तेच दोन शब्द लिहिले.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून तोंडावर येते. विजेचे काम करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी जाऊ नये. पेट्रोलचे काम उघड्यावर करावे, जवळ वाळूची बादली ठेवावी. आणि ब्रेक व स्टिअरिंग ही दोन खाती जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावीत. इंजिन चुकले तर गाडी उभी राहते. ब्रेक चुकले तर ती उभी राहत नाही.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. २०२५ सालापासून पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे त्या काळच्या पेट्रोलासाठी बनवलेले. इथेनॉलने ते फुगतात, मऊ पडतात, चिरतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणे म्हणजे आगीला आमंत्रण. ज्यांच्या घरी जुनी गाडी असेल त्यांनी सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात आणि महिन्यातून एकदा त्यांवरून बोट फिरवून पाहावे.

हे सर्व ऐकून कुणाला वाटेल की, आम्ही जुन्याचे पोवाडे गात आहोत. तसे नाही. आजच्या गाड्या कमी पेट्रोलात अधिक धावतात, अपघातात माणसाला अधिक जपतात आणि त्यांचा धूरही कितीतरी स्वच्छ असतो. आमच्या पद्मिनीच्या धुराला गाळणीच नाही. म्हणूनच ती रोजच्या वापरात नाही. कार्यालयात आम्ही नव्या गाडीने जातो. त्या गाडीचे बॉनेट उघडले तर काळे झाकण दिसते आणि त्याखालचे दोष संगणक सांगतो. ते योग्यच आहे. या उद्योगात पैसे वाचतात, असेही आम्ही म्हणणार नाही. हिशेब मांडला तर हत्यारांतच पुष्कळ गेले.

मग हे करावयाचे कशासाठी? आम्हांला वाटते, वर्षातून काही दिवस तरी मनुष्याने अशा वस्तूसमोर उभे राहावे, जिच्यापुढे हुद्दा चालत नाही आणि शब्दांची सारवासारव चालत नाही. तेथे आपली चूक आपल्याला आपल्याच हातांनी शोधावी लागते आणि दुरुस्तही करता येते. सर्वच चुका दुरुस्त करता येत नाहीत. १९९८ च्या त्या रात्री ती दुरुस्त झाली, ती आमच्या हातून नव्हे. मफलर गुंडाळून बाहेर आलेल्या एका शेजाऱ्याच्या हातून. पन्नास वर्षांत या मंडळाने पुष्कळ कार्यक्रम केले, त्यांच्या नोंदी या अंकात आहेतच. आमच्या लेखी मंडळाची सर्वांत मोठी नोंद ती एक आहे, आणि ती कोणत्याही वृत्तांतात नाही, म्हणून आज येथे केली.

बाबांची वही आता संपत आली आहे. तिची शेवटची काही पाने आमच्या कन्येच्या अक्षरात आहेत. गेल्या पावसाळ्यात तिने प्लगच्या तारा काढून पुन्हा लावल्या आणि दोन तारांची अदलाबदल झाली. गाडी फटाक्यासारखी आवाज करू लागली. आम्ही खुर्चीत बसून होतो, काही बोललो नाही. तिने पाच मिनिटे पाहिले, बोटाने एक, तीन, चार, दोन असे मोजले, तारा बदलल्या आणि मग आत जाऊन वही घेऊन आली. काय लिहिले ते आम्ही विचारले नाही.

ज्या कुणाला हे काम शिकावयाचे असेल, त्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या अंगणात यावे. जुने कपडे घालून यावे. चहा मिळेल.